दोन कळांमधली उसंत : बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कशानं कमी पडतो आणि घरच्यांनी काय पाहायचं

रात्री-अपरात्री फोन वाजतो. "मॅडम, बाळ रडलं नाही, लगेच या." बालरोगतज्ज्ञ म्हणून माझं निम्मं आयुष्य या एका वाक्यामागे धावण्यात गेलंय. बाळाचा श्वास सुरू करून त्याला काचेत ठेवलं की मी बाहेर येते. बाकड्यावर बाबा, आजी, एखादा मामा बसलेले असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नाळेचा वेढा होता का?" मी विचारते, "कळा किती मिनिटांनी येत होत्या?" याचं उत्तर क्वचितच मिळतं. कळा जोरात होत्या हे सगळ्यांना आठवतं. आजी तर ते कौतुकानं सांगते. दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडत होतं का, किती वेळ, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं, आणि बऱ्याचदा केसपेपरवरही लिहिलेलं नसतं.

हा लेख त्या उत्तरासाठी आहे. बाळंतपण डॉक्टर आणि सिस्टरच करणार, पण सोबत बसलेल्या माणसाला पाहता येण्यासारखं, मोजता येण्यासारखं आणि वेळेवर विचारता येण्यासारखं बरंच काही असतं.

बाळ पोटात श्वास कसा घेतं

पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात. प्राणवायू आईच्या रक्तातून वारेत (प्लासेंटात), वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाच्या अंगात येतो. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. कळ आली की पिशवीचा स्नायू आवळतो, त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि वारेकडे जाणारं रक्त खूपच कमी होतं. जोराच्या कळेत ते थांबल्यातच जमा असतं. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं बाळ तेवढा वेळ साठ्यावर काढतं आणि कळ सुटली की पुन्हा भरून घेतं. धडधाकट बाळ अशा शेकडो बुड्या मारून खणखणीत रडत बाहेर येतं, कारण प्रत्येक बुडीनंतर त्याला वर येऊन दम खायला मिळतो.

आता हिशेब करा. दहा मिनिटांत ५ कळा आणि प्रत्येक कळ ६० सेकंदांची, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक कळ आणि मध्ये एक मिनिट उसंत. दहा मिनिटांत ७ कळा झाल्या की दर ८५ सेकंदांनी एक कळ येते आणि उसंत उरते जेमतेम २५ सेकंद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कळांनी चांगला जोर धरलाय. आत बाळ वर येतंय न येतंय तोच त्याला पुन्हा खाली ढकललं जातंय.

बाळाला प्राणवायू तीन वाटांनी कमी पडतो. एक, त्याचा साठाच मुळात तोकडा असतो. दोन, उसंत कमी होते. तीन, वार, नाळ किंवा पिशवी यांत अचानक काही बिघडून पुरवठाच तुटतो. शेवटचं कुणाच्या हातात नसतं. पहिल्या दोन गोष्टींत मात्र बरंच हातात असतं.

पायरी पहिली : साठा किती आहे हे आधी ओळखा

पश्चिम ऑस्ट्रेलियात दिवस भरून जन्मलेल्या आणि पहिल्या दिवसांत मेंदूच्या त्रासाची लक्षणं दिसलेल्या १६४ बाळांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६९ टक्के बाळांच्या बाबतीत धोक्याची कारणं फक्त गरोदरपणातली होती. २५ टक्क्यांत गरोदरपणातली आणि बाळंतपणातली अशी दोन्ही होती. फक्त बाळंतपणातली कारणं ४ टक्क्यांत सापडली. याचा अर्थ बाळंतपणात काही होत नाही असा कुणी काढू नये. अशा बाळांचे एमआरआय पाहिले तर प्रत्यक्ष इजा बहुतेकदा जन्माच्या आसपासचीच दिसते. धोका आधीपासून साचत जातो आणि कळांच्या ताणात तो फुटतो.

म्हणून आठव्या महिन्यात एक कागद घ्या आणि फाइलच्या वर लावा. त्यावर पुढच्यांपैकी जे लागू असेल ते ठळक लिहा: रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, हिमोग्लोबिन कमी, सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे, पाणी कमी, जुळं, बाळ पायाळू किंवा आडवं, आधीचं सिझर, आधीचं बाळ जन्मताच न रडलेलं, तारीख उलटून गेलेली. आधीचं सिझर असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सोबत हवंच, कारण पिशवीवर छेद आडवा घेतला होता की उभा, यावर बरंच अवलंबून असतं. उभ्या छेदाची पिशवी कळांत फाटण्याचा धोका जास्त असतो.

या यादीतली एखादी गोष्ट असली म्हणजे बाळाला इजा होणारच असं नाही. बहुतेक बाळं सुखरूप येतात. पण वाढ खुंटलेल्या बाळाला कळा सोसायची ताकद कमी असते, त्याच्यावर नजर जास्त बारीक हवी. रात्री दोन वाजता ड्यूटीवर आलेल्या नव्या सिस्टरला ते त्या एका कागदावरून कळतं.

दवाखाना ठरवताना खोलीत एसी आहे का, यापेक्षा हे विचारा: रात्री सिझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? बाळ रडलं नाही तर अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यानं, श्वास द्यायला खोलीत त्या क्षणी कोण असेल? तातडीचं सिझर ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण ३० मिनिटांचं उद्दिष्ट धरतात. जिथे भूलतज्ज्ञच पन्नास किलोमीटरवरून यायचे, तिथे त्या यादीतल्या बाईनं कळा सुरू होण्याची वाट पाहू नये, आधीच जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन राहावं.

पायरी दुसरी : घरातून कधी निघायचं

कळा नियमित होऊन पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा. लांब असाल तर त्याआधीच निघा. आधी सिझर झालं असेल तर पहिल्याच कळेला निघा. पण काही गोष्टी दिसल्या तर कळांची वाटच पाहायची नाही.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, ही त्यातली पहिली. "दिवस भरले की बाळ शांत होतं" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय त्याला गणती नाही. ते चूक आहे. जागा कमी झाल्यानं हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी कूस बदलल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. कमी झाली तर त्याच दिवशी ठोके तपासून घ्या. गोड खाऊन, वाट पाहून, सकाळी जाऊ असं म्हणू नका.

अंगावरून लाल रक्त जाणं आणि पोट दगडासारखं घट्ट होऊन सैलच न पडणं, ही दुसरी. वार जागेवरून सुटत असल्याची ही खूण असू शकते. कधी रक्त आतच साठतं आणि बाहेर थोडंच दिसतं, म्हणून रक्तापेक्षा पोटाच्या घट्टपणावर जास्त लक्ष द्या. उच्च रक्तदाब असलेल्या बाईत हे जास्त होतं.

पाणी गेलं तर घड्याळ पाहून वेळ लिहा आणि रंग पाहा. पाणी स्वच्छ किंवा किंचित दुधाळ असेल तर ठीक. हिरवं, दाट किंवा लाल असेल तर लगेच निघा. पाणी जाऊन १८ तासांपेक्षा जास्त झाले की संसर्गाचा धोका वाढतो. आईला ताप आला की त्याच प्राणवायूच्या तुटवड्यात बाळाचा मेंदू लवकर दुखावतो. म्हणून कळांमध्ये आईचं अंग गरम लागलं तर "श्रमानं होतंय" असं म्हणून सोडू नका, थर्मामीटर लावायला सांगा.

पाणी गेल्यानंतर योनीतून नाळ बाहेर आलेली दिसली किंवा दोरीसारखं काही हाताला लागलं, तर ती खरी आणीबाणी. हजारात एक ते सहा बाळंतपणांत असं होतं. बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर जास्त. नाळ आत ढकलू नका, सारखी हाताळू नका. आईला गुडघे आणि छातीवर ओणवं करा, डोकं खाली आणि कंबर वर, म्हणजे बाळाचं वजन नाळेवरून हटतं. १०८ ला फोन करा. गाडीत ओणवं राहता येत नाही, तेव्हा डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशा द्या. ज्या दवाखान्यात त्या क्षणी सिझर होऊ शकतं तिथेच जा, आणि वाटेतून तिथे फोन करून "नाळ बाहेर आली आहे" हेच शब्द सांगा.

पायरी तिसरी : ठोके

लेबर रूममध्ये सिस्टर बेंबीच्या खाली जेल लावून डॉपलर टेकवते आणि खोलीत घोड्याच्या टापांसारखा आवाज घुमतो. सगळे हसतात. सिस्टर म्हणते, "छान आहेत ठोके." इथे दोन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे आकडा. मिनिटाला ११० ते १६० ठीक. दुसरी जास्त महत्त्वाची: ठोके कधी ऐकले? कळ नसताना, आई निवांत असताना ऐकलेले ठोके जवळजवळ नेहमी छानच येतात. बाळाची परीक्षा कळ ओसरताना होते. कळ संपत आली की कानाला लावायचं आणि पुढचं पूर्ण मिनिट ऐकायचं. कळेनंतर ठोके ९०-१०० पर्यंत घसरतात आणि सावकाश वर येतात, हे दोन-तीन कळांना दिसलं की बाळ सांगतंय, मला उसंत पुरत नाहीये. कळा नीट सुरू झाल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि आई जोर लावायला लागली की दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. सोबत आईची नाडीही तपासायची, कारण घाईत आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले गेल्याची उदाहरणं आहेत.

आलेख काढणारं मशीन सतत लावलं नाही म्हणून भांडू नका. डब्लिनमध्ये सुमारे १३ हजार बाळंतपणांवर झालेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतत आलेख काढल्यानं नवजात बाळांतले झटके निम्म्यावर आले, पण पुढे मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) होणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली नाही. वर सिझर मात्र वाढतात, हे इतर अभ्यासांतून दिसलं. ज्या बाईच्या कागदावर पहिल्या पायरीतलं काही आहे किंवा जिला कळांचं औषध चालू आहे, तिला मशीन हवं. बाकीच्यांना वेळेवर कान देणारी सिस्टर पुरते. एकाच सिस्टरकडे एका रात्रीत सात बायका असतात तेव्हा ते जमत नाही, आणि त्याचा दोष तिला देण्यात अर्थ नाही. अशा वेळी सोबतच्या माणसानं नम्रपणे आठवण करावी: "सिस्टर, कळ आत्ताच संपली, ठोके बघता का?" भांडणापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं. सरकारी दवाखान्यांतही बाळंतपणात सोबत एक बाई राहू द्यावी, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहेत. तो हक्क मागा, आणि सोबत घाबरट माणसापेक्षा घड्याळ पाहणारी बाई पाठवा.

पायरी चौथी : कळांचं इंजेक्शन

या लेखातलं एकच प्रकरण वाचायचं असेल तर हे वाचा.

कळा मंदावल्या की ऑक्सिटोसिन देतात. औषध उत्तम आहे, त्यानं अडलेलं बाळंतपण पुढे सरकतं. ते सलाईनमधून, मोजून, अगदी थोड्यापासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या तासानं वाढवायचं असतं. ते बंद केलं की काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि कळा हळूहळू सैल होतात. म्हणूनच ते सलाईनमधून द्यायचं: चूक झाली तर नळी बंद करता येते. बाळ पोटात असताना तेच औषध मांडीत किंवा दंडात टोचलं, किंवा शिरेतून एकदम दिलं, तर ते परत घेता येत नाही. कळ येते आणि सुटतच नाही. बाळ बाहेर आल्यावर मांडीत देतात ते १० युनिटचं इंजेक्शन वेगळं. ते आईचा रक्तस्राव रोखण्यासाठी असतं आणि ते घ्यायलाच हवं.

मी पाहिलेली एक बाटली अजून डोळ्यांसमोर आहे. सलाईनच्या बाटलीवर चिकटपट्टी नाही, नळीचं चाक अर्धवट उघडं, थेंब कुणी मोजलेले नाहीत. नातेवाईक सांगत होते, "आम्हीच म्हटलं, थोडं जोरात सोडा, लवकर मोकळी होईल." हे नीट वाचा. घाई करायला आपणही सांगतो. शेजारच्या खाटेवरची सुटली, आपली अजून कशी नाही, म्हणून सिस्टरच्या मागे लागणारे घरचेच असतात. बाटलीवर पट्टी हवी: किती युनिट घातले, किती वाजता, मिनिटाला किती थेंब. पट्टी दिसली नाही तर विचारा. विचारल्यानं कुणी चिडलं तर चिडू द्या.

कळा सुरू करण्यासाठी मिझोप्रोस्टॉलची गोळीही देतात. तिची मात्रा फार लहान असते, २५ मायक्रोग्रॅम. २०० मायक्रोग्रॅमची गोळी नखानं तोडून अंदाजे तुकडा देणं धोक्याचं. गोळी पोटात गेली की नळी बंद करण्यासारखा काही उपाय नाही. आधी सिझर झालेल्या बाईला ती द्यायची नाही, पिशवी फाटू शकते. गोळीनंतर लगेच ऑक्सिटोसिन लावत नाहीत, मध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवतात.

आता मोजायचं कसं. बेंबीच्या वर तळहात हलकेच ठेवा. कळ आली की पोट कपाळासारखं टणक लागतं, सुटली की गालासारखं मऊ. टणक होण्याच्या सुरुवातीला फोनवर वेळ टिपा, पुढची सुरू झाली की पुन्हा टिपा. दहा मिनिटांत तीन-चार, फार तर पाच. पाचाच्या वर गेल्या, एक कळ मिनिटभरापेक्षा जास्त टिकू लागली किंवा मध्ये पोट मऊच पडत नसेल, तर मुकाट बसू नका. "सिस्टर, दहा मिनिटांत सहा कळा मोजल्या, पोट सैल होत नाहीये." आकडा सांगितला की उत्तर मिळतं. मग सलाईन थांबवतात, आईला डाव्या कुशीवर वळवतात, ठोके ऐकतात, गरज पडली तर पिशवी सैल करणारं इंजेक्शन देतात.

आणि "पुढे न्या" असं सांगितलं तर गाडीत बसण्याआधी एकच खात्री करा: ऑक्सिटोसिनची सलाईन काढली आहे ना? चालत्या गाडीत ठोके कुणी ऐकत नाही. प्रवासभर आई डाव्या कुशीवर. उताणं झोपलं की भरलेली पिशवी मोठ्या रक्तवाहिन्यांवर टेकते आणि वारेचं रक्त कमी होतं.

पायरी पाचवी : जोर लावताना

पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावायला लावलं तर आई दमते, आणि खऱ्या वेळी तिच्यात त्राण उरत नाही. तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत, आधी बाळंत झालेलीला दोन तासांपर्यंत लागू शकतात, अर्थात ठोके चांगले असतील तर.

पोटावर चढून, वरून कोपरानं दाबून बाळ खाली ढकलायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. जागतिक आरोग्य संघटना ती करू नका म्हणते. त्यानं नाळेवर, वारेवर दाब येतो आणि पिशवी फाटण्याची भीती असते. त्यापेक्षा व्हॅक्यूम किंवा चिमटा लावणं कितीतरी बरं, घरचे उगाच त्याला घाबरतात.

डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला तर खोलीत एकदम धावपळ होते. साखर असलेल्या आईच्या मोठ्या बाळात याची शक्यता जास्त. आईचे गुडघे पोटाकडे पूर्ण दुमडतात आणि जांघेच्या हाडाच्या लगेच वर दाब देतात. हा दाब योग्य आहे, वरून पिशवीवर देतात तो नव्हे. त्या वेळी सोबतच्या बाईनं ओरडू नये, सांगतील तो पाय धरावा.

भीती कशाची बाळगू नये

नाळेचा वेढा पाचातल्या एका, कधी चारातल्या एका बाळाच्या गळ्यात असतो. बाळ गळ्यातून श्वास घेतच नसतं, त्यामुळे फास बसण्याचा प्रश्न येत नाही, आणि बहुतेक वेढे सैल असतात. सोनोग्राफीत "वेढा आहे" एवढ्यावरून सिझर मागू नका. कळांमध्ये ठोके कसे आहेत ते पाहा.

बाळानं पोटात शी केली, हेही तसंच. दर आठ-दहा बाळंतपणांमागे एकात होतं, तारीख उलटली की जास्त. पाणी हिरवं आणि ठोके चांगले असतील तर लक्ष ठेवून बाळंतपण होऊ देतात. हिरवं पाणी आणि ठोके घसरताहेत, ही जोडी मात्र वाईट.

पहिलं मिनिट

बहुतेक बाळं स्वतःच श्वास घेतात. काहींना कोरडं पुसून पाठीवर चोळलं की पुरतं. शंभरातल्या साधारण पाच बाळांना बॅग-मास्कनं हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवी. उलटं धरून थोपटणं, थंड पाणी मारणं यात ते मिनिट वाया जातं. प्राणवायूचा सिलिंडर नाही म्हणूनही थांबायचं नसतं, दिवस भरलेल्या बाळाला साध्या हवेनं सुरुवात करतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या आरोग्यदूत बायकांना घरच्या बाळंतपणात हजर राहून बाळाला मास्कनं श्वास द्यायला शिकवलं. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या कामानं तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, असं १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गावातल्या बाईला जे जमतं ते दवाखान्यात प्रत्येक पाळीत कुणाला तरी जमायलाच हवं.

पहिले सहा तास

प्राणवायू परत मिळाल्यावर मेंदूच्या पेशी थोड्या सावरतात आणि काही तासांनी पुन्हा ढासळू लागतात. मधला हा काळ साधारण सहा तासांचा. म्हणून बाळ उशिरा रडलं आणि आता "शांत झोपलंय" असं कुणी म्हटलं तरी त्याच्याकडे पाहत राहा. अंग लोळागोळा, ओढून दूध न पिणं, एकटक बघणं, ओठ चघळल्यासारखे किंवा पाय सायकल चालवल्यासारखे सारखे हलणं, श्वास मध्येच थांबणं. शेवटच्या काही हालचाली खेळ वाटतात, पण ते झटके असू शकतात. व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.

दिवस भरलेल्या बाळाला ७२ तास साडेतेहतीस अंशांच्या आसपास थंड ठेवण्याचा उपचार आहे, तो सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. श्रीमंत देशांत त्याचा फायदा सिद्ध झाला आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेलिक्स' चाचणीत फायदा तर दिसला नाहीच, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. त्यामुळे आपल्याकडे बाळ निवडून, पूर्ण सोयीच्या अतिदक्षता विभागातच तो विचार होतो. डॉक्टर "नको" म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. घरच्यांनी बाळ स्वतःहून गार करायचं नाही, गरम पाण्याच्या पिशव्या लावून तापवायचंही नाही. ताप या मेंदूला फार वाईट, आणि रक्तातली साखर उतरणंही. बाळाला मोठ्या दवाखान्यात पाठवताना "साखर तपासली का, किती आली?" एवढं विचारून घ्या.

नंतर

केसपेपर, ठोक्यांच्या नोंदी, नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असेल तर तिचा कागद, बाळाचं डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. भांडणासाठी लागोत न लागोत, पुढच्या बाळंतपणाला नक्की लागतील.

एमआरआय साधारण पहिल्या आठवड्यात करतात, कानांची आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायाम आणि तपासण्या मोफत होतात. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांना बाळ रडलं नव्हतं हे सांगून ठेवा, लपवू नका. चौथ्या महिन्यात मान सावरत नसेल, मुठी सारख्या आवळलेल्या असतील, अंगडं घालताना हातपाय ताठ लागत असतील, नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसेल तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका. आणि वर्षाच्या आत बाळ खुळखुळा सारखा एकाच हातानं धरत असेल, तर "डावखुरं निघणार बघ" म्हणून कौतुक करत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवून आणा.